आगबोटी बांधणाऱ्यांचा वाडा: जेफरसनव्हिलचं हॉवर्ड स्टीमबोट म्युझियम कसं पाहावं

अमेरिकेत इंडियाना, केंटकी, ओहायो किंवा इलिनॉयमध्ये नव्याने राहायला आलेल्या, किंवा मुलांकडे काही महिन्यांसाठी आलेल्या मराठी मंडळींसाठी हा लेख आहे. लुईव्हिल शहराच्या समोर, ओहायो नदीच्या उत्तर काठावर जेफरसनव्हिल नावाचं गाव आहे. तिथे २२ खोल्यांचा एक जुना वाडा आहे, हॉवर्ड कुटुंबाचा. या कुटुंबाने १८३४ पासून शतकभराहून अधिक काळ नदीत चालणाऱ्या वाफेच्या बोटी बांधल्या. आज त्या वाड्यात आगबोटींचं संग्रहालय आहे.

बरेच जण इथे येतात, झुंबरं आणि रंगीत काचा बघतात, 'श्रीमंतांचं घर होतं' म्हणतात आणि अर्ध्या तासात बाहेर पडतात. मला हे पाहवत नाही, कारण हे घर त्याच्या श्रीमंतीसाठी बघायचंच नाही. गोदीत बोटींची दालनं सजवणाऱ्या सुतारांनी आणि कोरीवकाम करणाऱ्यांनीच हे घर सजवलं. त्यांनी बांधलेल्या लाकडी बोटी जळाल्या, फुटल्या, कुजल्या किंवा मोडीत गेल्या. त्यांच्या हातचं काम जवळून बघायला आता मुख्यतः हा वाडाच उरला आहे. हे मनात ठेवून गेलात तर दोन-अडीच तास कसे गेले ते कळणार नाही.

१. आधी नकाशा बघा, आणि गावाचं नाव दोनदा तपासा

पत्ता आहे ११०१ ईस्ट मार्केट स्ट्रीट, जेफरसनव्हिल, इंडियाना. राज्याचं नाव टाकल्याशिवाय फोनमधल्या नकाशावर विसंबू नका. लुईव्हिलचंच एक उपनगर आहे जेफरसनटाउन. ते नदीच्या दुसऱ्या बाजूला, केंटकीत आहे. जेफरसनव्हिल नावाचं आणखी एक गावही केंटकीत आहे. घाईत टाइप करणारा माणूस यापैकी कुठेही पोहोचू शकतो.

नकाशा उघडलाच आहे तर नदीही बघून घ्या, कारण बोटींचा हा कारखाना इथेच का उभा राहिला याचं उत्तर नदीतच आहे. ओहायो नदी पिट्सबर्गपासून मिसिसिपीला मिळेपर्यंत ९८१ मैल वाहते. एवढ्या वाटेत मोठा नैसर्गिक अडथळा एकच, आणि तो इथे लुईव्हिलपाशी आहे. खडकाळ पायऱ्यांवरून साधारण दोन मैलांत नदी २६ फूट खाली उतरते. याला 'फॉल्स ऑफ द ओहायो' म्हणतात. पाणी भरपूर असेल तेव्हाच बोट इथून सुखरूप जायची, एरवी माल उतरवून गाडीवरून पलीकडे न्यावा लागायचा. १८३० मध्ये बाजूने कालवा खोदला तेव्हा वाट मोकळी झाली, तरी तोवर बोटी, माल, व्यापारी आणि कारागीर इथे थांबायला लागलेच होते. त्यातूनच लुईव्हिल, न्यू ऑल्बनी आणि जेफरसनव्हिल ही तिन्ही गावं बोटबांधणीची झाली. जेफरसनव्हिल धबधब्याच्या वरच्या अंगाला आहे.

२. दिवस आणि वेळ ठरवा

संग्रहालय रोज उघडं नसतं. सोमवारी सहसा बंद असतं, रविवारी उशिरा उघडतं आणि दुपारी चारच्या सुमारास दारं मिटतात. वेळा आणि तिकिटाचे दर बदलतात, म्हणून निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर बघा किंवा सरळ फोन करा. वाडा समारंभांसाठीही दिला जातो. फोन केला की त्या दिवशी लग्न वगैरे आहे का, तेही कळतं.

शिकागोकडून येणाऱ्यांनी घड्याळाकडे विशेष लक्ष द्यावं. शिकागो मध्य वेळेवर चालतं आणि जेफरसनव्हिल पूर्व वेळेवर. अंतर सुमारे ३०० मैल, म्हणजे न थांबता पाच तास. सकाळी सातला निघालात तर तुमच्या हिशेबाने बाराला पोहोचाल, पण तिथे एक वाजलेला असेल. वाटेत जेवायला थांबलात तर बघायला जेमतेम दोन तास उरतात. शिकागोहून एका दिवसात जाऊन येण्याचा बेत करू नका, एक रात्र मुक्काम ठेवा. इंडियानापोलिस आणि सिनसिनाटीहून मात्र दोन तासांच्या आसपास लागतात, सकाळी निघून रात्री परतता येतं.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी लुईव्हिलमध्ये केंटकी डर्बी, म्हणजे घोड्यांची प्रसिद्ध शर्यत असते. त्या आठवड्यात हॉटेलचे दर अनेक पटींनी वाढतात. त्याआधी एप्रिलमध्ये 'थंडर ओव्हर लुईव्हिल' नावाचा आतषबाजीचा मोठा सोहळा होतो. तेव्हा दोन्ही काठांवर गर्दी लोटते आणि नदीलगतचे रस्ते बंद होतात. शर्यत बघायची नसेल तर हे दोन्ही टाळा. मला विचाराल तर सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यांत बरा. उकाडा ओसरलेला असतो, नदीचं पाणी उतरलेलं असतं, आणि लेखाच्या शेवटी सांगितलेल्या खडकांसाठीही तोच काळ चांगला.

३. बरोबर काय घ्याल

- फोटो असलेलं ओळखपत्र. विद्यार्थी आणि ज्येष्ठांना तिकिटात सवलत मिळते का ते खिडकीवर विचारा. विद्यार्थ्यांनी कॉलेजचं कार्ड ठेवावं.
- भारतातून आलेल्या आई-बाबांच्या पासपोर्टची छायाप्रत.
- भाड्याची गाडी असेल तर तिचा करार. पुलाच्या टोलबद्दल त्यात काय लिहिलंय ते वाचून ठेवा, कारण पुढच्या पायरीत त्याचं काम पडणार आहे.
- आरामदायी, न घसरणारे बूट. घर तीन मजल्यांचं आहे आणि जिने जुने आहेत.
- छोटी वही आणि पेन्सिल. बोटींची नावं आणि सालं टिपून ठेवलीत तर नंतर गोंधळ होत नाही.
- पाण्याची बाटली, पण ती गाडीत. जुनं लाकूड आणि जुनी बसायची आसनं असलेल्या घरात खाणंपिणं नेऊ नये.

कुणाचे गुडघे दुखत असतील किंवा व्हीलचेअर लागत असेल तर आदल्या दिवशी फोन करून विचारा की कुठपर्यंत जाता येईल. एकोणिसाव्या शतकातलं घर आहे. तिथे पोहोचल्यावर आजींना खालीच बसवून ठेवण्यापेक्षा हे आधी कळलेलं बरं.

४. पोहोचायचं कसं, आणि टोलचा सापळा

तुम्ही इंडियानापोलिस किंवा शिकागोकडून आय-६५ महामार्गाने येत असाल तर नदी ओलांडायची गरजच नाही. जेफरसनव्हिल नदीच्या अलीकडेच आहे. पुलाच्या आधीचे एक्झिट एकामागोमाग एक येतात. बोलण्याच्या नादात ते सुटले की गाडी आपोआप पुलावर चढते, आणि हा पूल टोलचा आहे.

आय-६५ चे दोन पूल आणि पूर्वेकडचा लुईस अँड क्लार्क पूल यांवर टोल लागतो. टोलनाका नाही, पैसे घ्यायला माणूस नाही. वर लावलेले कॅमेरे नंबरपाटीचा फोटो काढतात आणि बिल गाडीच्या मालकाकडे जातं. गाडी भाड्याची असेल तर कंपनी टोलवर स्वतःचं शुल्क चढवून तुमच्या कार्डावरून पैसे घेते. बऱ्याचदा ते शुल्क टोलपेक्षा जास्त असतं. लुईव्हिलमध्ये उतरला असाल तर सेकंड स्ट्रीटवरून निघणारा क्लार्क मेमोरियल पूल घ्या. १९२९ सालचा हा पूल बिनटोलचा आहे. फोनमध्ये 'टोल टाळा' हा पर्याय चालू करून ठेवा, तो आपोआप तिकडेच नेतो. पलीकडे उतरलात की पूर्वेला वळा, नदीच्या वरच्या अंगाला. मार्केट स्ट्रीट नदीला समांतरच जातो.

अंगात बळ असेल आणि हवा चांगली असेल तर चालत या. बिग फोर पूल हा १८९५ चा रेल्वेपूल आहे. गाड्या बंद झाल्यानंतर तो कित्येक वर्षं नदीवर नुसता उभा होता. आता तो पादचारी आणि सायकलस्वारांसाठी खुला आहे, लुईव्हिलच्या बाजूने २०१३ पासून आणि जेफरसनव्हिलच्या बाजूने २०१४ पासून. चढ-उतार धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मैलभर होतं, आणि पुढे वाड्यापर्यंत साधारण आणखी मैलभर. परत येतानाही तेवढंच चालायचं आहे, हे लहान मुलं बरोबर असतील तर लक्षात घ्या.

पुलाच्या मधोमध जरूर थांबा. १८६५ पर्यंत ही नदी म्हणजे सीमा होती. दक्षिणेच्या केंटकीत गुलामगिरी कायदेशीर होती, उत्तरेच्या इंडियानात नव्हती. इथल्या गोद्यांत बांधलेल्या बोटी दक्षिणेच्या कापसावर आणि उसावर चालायच्या, आणि तो कापूस-ऊस गुलामांच्या श्रमातून यायचा. अमेरिकी यादवी युद्धानंतरही बोटींवर गाठोडी वाहणारे हमाल बहुतेक कृष्णवर्णीय होते, आणि ते जीव मोडेल असं काम अगदी तुटपुंज्या मजुरीवर करायचे. पुढे सोनेरी नक्षीची दालनं बघताना हेही डोळ्यांसमोर असू द्या.

५. आत जाण्यापूर्वी: हॉवर्ड कोण होते

जेम्स हॉवर्ड मूळचे इंग्लंडचे. लहानपणी कुटुंबाबरोबर सिनसिनाटीला आले आणि तिथे बोटबांधणी शिकले. १८३४ मध्ये, विशीच्या आसपास, त्यांनी जेफरसनव्हिलला 'हायपेरियन' ही पहिली आगबोट बांधली. मधली काही वर्षं ते इतर गावांत होते. १८४८ च्या सुमारास परतले ते कायमचे. १८७६ मध्ये लुईव्हिलला जाणाऱ्या फेरीबोटीवर त्यांची जनावरं बुजली आणि गाडीसकट ते ओहायोत पडून बुडाले. ज्या नदीवर सगळं उभं केलं, तिनेच त्यांना नेलं.

हा वाडा बांधला त्यांचा मुलगा एडमंड्स हॉवर्ड यांनी. १८९० च्या सुमारास काम सुरू झालं आणि १८९४ मध्ये संपलं. जागा मुद्दाम गोदीच्या समोरची निवडली. नंतर इथे त्यांचा मुलगा कॅप्टन जिम हॉवर्ड आणि सून लोरेटा राहिले. घराचं संग्रहालय झालं १९५८ मध्ये. मधल्या काळात १९३७ चा महापूर घरात शिरून गेला, आणि १९७१ मध्ये आग लागून घराचं मोठं नुकसान झालं. आज जे दिसतं त्यात मूळ काय आणि आगीनंतर दुरुस्त केलेलं काय, हे तिथल्या स्वयंसेवकांना आवर्जून विचारा. अशा प्रश्नांवर ते खुलतात आणि मग पाटीवर नसलेलंही सांगतात.

६. घर बघताना नजर कुठे ठेवाल

तिकीट घेतानाच दोन गोष्टी विचारून घ्या. माहिती सांगणाऱ्याबरोबरची फेरी आहे का, आणि फोटो काढलेले चालतात का. फोटोला हो म्हटलं तरी फ्लॅश बंदच ठेवा.

मग थेट जिन्याकडे जा. मोठ्या प्रवासी बोटीत खालच्या डेकवरून वरच्या दालनात नेणारा असाच दिमाखदार जिना असायचा. या घराचा जिना त्याच घाटाचा आहे. घाईने चढू नका. पहिल्या पायरीपाशी उभं राहून कठड्याचा खांब डोळ्यांच्या पातळीवर आणा आणि नक्षीच्या कडा बघा. यंत्राने कोरलेल्या नक्षीत प्रत्येक पान एकसारखं येतं. हाताने कोरलेल्यात पटाशी कुठे किंचित खोल जाते, कुठे वळण घेताना सुटते. शेजारशेजारच्या दोन पानांतला फरक सापडला की तो माणूस तुमच्यासमोर उभा राहतो. हात मात्र लावू नका, दुरूनच बघा.

दोन खोल्यांमधल्या कोरीव कमानी हा या घराचा दुसरा मोठा धडा. नदीवरच्या बोटीचं मुख्य दालन लांबच लांब आणि अरुंद असायचं. दोन्ही बाजूंना प्रवाशांच्या खोल्यांची दारं आणि मधे बोगद्यासारखी सरळ जागा. ती भकास दिसू नये म्हणून छताखाली थोड्या थोड्या अंतरावर जाळीदार लाकडी कमानी बसवत. या घरात कमानीखाली उभं राहून पलीकडच्या खोलीत बघितलं की बोटीच्या दालनाचा अंदाज येतो. संगीताच्या खोलीतलं सामान १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातून विकत घेतलेलं आहे. हे तेच प्रदर्शन, ज्याच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले. आपल्याकडच्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते त्या खोलीत जरा जास्त रेंगाळतात.

वेगवेगळ्या खोल्यांत लाकडं वेगवेगळी आहेत. ती ओळखण्याचा खेळ मुलांना द्या. रंगीत काचा सकाळच्या किंवा दुपारच्या तिरप्या उन्हात बघायच्या, ढगाळ दिवशी त्या मुक्या वाटतात.

७. बोटींच्या प्रतिकृती वाचायला शिका

बहुतेक जण सगळ्यांत कमी वेळ इथे देतात. माझं म्हणणं, निम्मा वेळ इथेच द्या. काचेच्या कपाटातल्या बोटी सगळ्या सारख्याच पांढऱ्या आणि मजल्यांच्या दिसतात. पण कुठलीही एक निवडा आणि खालून वर या क्रमाने बघा.

सगळ्यांत आधी बूड. आपल्या डोळ्यांसमोर आगबोट म्हटलं की भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणारी समुद्रातली बोट येते, पाण्यात खोल रुतणारी. नदीची बोट तशी चालत नाही. उन्हाळ्यात पाणी काही फुटांवर येतं, तळाशी वाळूचे बांध सरकत असतात. म्हणून तिचं बूड परातीसारखं सपाट आणि उथळ. ते ओक लाकडाचं करत, कारण बुंध्यांवर आणि वाळूवर आपटायचं ते त्यालाच. वरचे मजले मात्र हलक्या लाकडाचे.

बूड उथळ असल्यामुळे पोटात जागाच नाही. मग बॉयलर, इंजिन, माल, सगळं डेकवर. बॉयलर पुढे, इंजिनं मागे, आणि मागच्या चाकाची बोट असेल तर पाणी ढकलणारं ते अवजड चाकही अगदी पिछाडीला. पण नाळेची, म्हणजे पुढची, आणि पिछाडीची टोकं निमुळती, त्यांना पाण्याचा आधार कमी. त्यामुळे दोन्ही टोकं खाली झुकतात, मधला भाग वर फुगतो आणि बोट कण्यात मोडते.

यावरचा उपाय प्रतिकृतीत शोधा. डेकवरून तिरपे वर गेलेले खांब आणि त्यांच्या डोक्यावरून पुढून मागे ओढलेल्या बारीक लोखंडी सळया दिसतील. त्यांना 'हॉग चेन' म्हणतात. नाव साखळीचं असलं तरी त्या सळयाच. मधे फिरकी असते, ती पिळून ताण कमी-जास्त करतात. बोट जुनी होऊन लाकूड ढिलं पडत गेलं की फिरकी थोडी थोडी आवळायची. तीनशे फूट लांबीचं लाकडी जहाज या सळयांनी तोलून धरलेलं असायचं. मी स्वतः अभियांत्रिकी शिकलेला माणूस आहे, पण इतका सरळ उपाय इतक्या मोठ्या अडचणीवर क्वचित पाहिला आहे. मुलांना या सळया बोटाने दाखवा आणि विचारा, या काढल्या तर काय होईल?

मग चाक बघा. दोन्ही कुशींना एकेक चाक असेल तर ती बोट जागच्या जागी वळू शकते, कारण दोन चाकं उलटसुलट फिरवता येतात. मागे एकच चाक असेल तर बोट अरुंद पाण्यात शिरते, शिवाय पाण्यातून वाहत आलेल्या ओंडक्यांपासून चाक जरा सुरक्षित राहतं. धुरांडी एवढी उंच का? बॉयलरला हवेची ओढ चांगली मिळावी आणि ठिणग्या छतावर न पडता दूर उडाव्यात म्हणून. सगळ्यांत वर काचेची छोटी खोली, ती सुकाणू धरणाऱ्या पायलटची. तिथलं चाक माणसाच्या उंचीहून मोठं असायचं, इतकं की त्याचा खालचा भाग जमिनीतल्या खाचेत जायचा. संग्रहालयात असं चाक आहे. त्याच्या शेजारी उभं राहून बघा, वाफेची मदत नसताना ते पेलायला काय ताकद लागत असेल ते कळेल.

आता नावं. वही काढा आणि तीन बोटी शोधा.

'जे. एम. व्हाइट', १८७८. हॉवर्ड गोदीचा मुकुटमणी. ऐषारामात हिच्या तोडीची बोट नद्यांवर नव्हती, असं जाणकार मानतात. १८८६ मध्ये लुइझियानात जळून गेली.

'सिटी ऑफ लुईव्हिल', १८९४. घर आणि ही बोट, दोन्ही एकाच वर्षी तयार झाली. त्याच एप्रिलमध्ये तिने लुईव्हिल ते सिनसिनाटी हा प्रवाहाविरुद्धचा प्रवास ९ तास ४२ मिनिटांत केला. जानेवारी १९१८ च्या कडाक्याच्या थंडीत सिनसिनाटीला नदीतल्या बर्फाने तिचा चुरा केला.

तिसरी 'रॉबर्ट ई. ली', आणि इथे बहुतेकांचा घोळ होतो. १८७० मध्ये 'नॅचेझ'ला न्यू ऑर्लिन्स ते सेंट लुईस शर्यतीत हरवणारी 'ली' हॉवर्डांची नव्हे, ती जवळच्या न्यू ऑल्बनीत बांधलेली. हॉवर्डांनी बांधली ती त्याच नावाची दुसरी, १८७६ ची. ती १८८२ मध्ये जळाली. पाटी वाचताना साल बघितलं नाही तर हटकून चूक होते.

८. बाहेर पडलात की रस्त्यापलीकडे बघा

वाड्यासमोर, रस्ता आणि नदी यांच्यामध्ये गोदी होती. बोटी काठाला समांतर, उतारावरच्या लाकडी तराफ्यांवर बांधायच्या आणि तयार झाली की आडवीच, कुशीवर पाण्यात लोटायची. समुद्रावर जहाज शेपटीकडून सोडतात. इथे नदी तेवढी रुंद नाही.

१९४२ मध्ये गोदी अमेरिकी नौदलाने घेतली. मग, पुढे 'जेफबोट' म्हणून ओळखल्या गेलेल्या कंपनीत, दुसऱ्या महायुद्धात इथे रणगाडे उतरवणारी एलएसटी जहाजं बांधली गेली, तब्बल १२३. युद्धानंतर मालवाहू बार्ज. 'मिसिसिपी क्वीन' ही मोठी प्रवासी आगबोटही १९७६ मध्ये इथूनच निघाली. २०१८ मध्ये काम थांबलं. १८३४ मध्ये सुरू झालेली परंपरा संपली ती काल-परवा, म्हणून गावात पिढ्यान्‌पिढ्या इथे राबलेली घरं अजून आहेत. संग्रहालयात कुणी वयस्क स्वयंसेवक भेटले तर गोदीबद्दल विचारून बघा.

९. खरी वाफ बघायची तर लुईव्हिलच्या धक्क्यावर

संग्रहालयात बोटी मुक्या आहेत. वाफेवर चालणारी बोट बघायची तर लुईव्हिलच्या फोर्थ स्ट्रीटच्या टोकाला जा. तिथे 'बेल ऑफ लुईव्हिल' उभी असते. ही हॉवर्डांची नाही, १९१४ मध्ये पिट्सबर्गला बांधली गेली, तेव्हा नाव होतं 'आयडलवाइल्ड'. पण अजून वाफेवर, मागच्या चाकाने चालते.

इथला सापळा तिकीट काढतानाचा आहे. त्याच धक्क्यावरून त्याच लोकांची 'मेरी एम. मिलर' ही दुसरी बोटही सुटते. ती दिसायला छान आहे, पण डिझेलवर चालते. संकेतस्थळावर तारीख बघून घाईत पैसे भरले की हमखास तिचंच तिकीट निघतं. बोटीचं नाव वाचूनच पैसे भरा. तसं ते नाव मोठ्या मानाचं आहे. लुईव्हिलच्या मेरी मिलर यांना १८८४ मध्ये आगबोटीच्या कप्तानाचा परवाना मिळाला, आणि तो मिळवणाऱ्या त्या अमेरिकेतल्या पहिल्या स्त्री मानल्या जातात.

'बेल'वर चढलात की वरच्या डेकवर खुर्च्या पकडायला धावू नका. आधी मागे इंजिनाकडे जा. आडवे सिलिंडर, त्यातून पुढे-मागे सरकणारा लांबलचक दांडा आणि त्याच्या टोकाला फिरणारं चाक. सातव्या पायरीत प्रतिकृतीवर जे शोधलं ते इथे घामेजल्यासारखं तेलात चमकत हलताना दिसतं. सुटण्याआधी छतावर वाफेच्या शिट्ट्यांचं वाद्य वाजवतात. आवाज प्रचंड असतो, तान्ह्या बाळाला घेऊन त्याच्या जवळ उभं राहू नका. हिवाळ्यात फेऱ्या जवळजवळ नसतात.

१०. खाणं, आणि वेळ उरला तर

शाकाहारी असाल तर या भागात एक लक्षात ठेवा: हॉटेलात बाजूला येणाऱ्या शिजवलेल्या ग्रीन बीन्समध्ये बहुधा डुकराचं मांस असतं. दिसत नाही, विचारावं लागतं. गावात स्प्रिंग स्ट्रीटवर शिम्फ्स हे १८९१ पासूनचं मिठाईचं दुकान आहे. दालचिनीच्या तिखट-गोड लाल गोळ्या, 'रेड हॉट्स', तिथल्या खास. 'मोजेस्का' नावाची कॅरमेलची वडीही प्रसिद्ध आहे, पण तिच्या आत मार्शमेलो असतो आणि मार्शमेलोत सहसा जिलेटिन, तेव्हा घेण्याआधी विचारा.

ज्या धबधब्याने हे सगळं घडवलं तो बघायचा तर शेजारच्या क्लार्क्सव्हिल गावातल्या फॉल्स ऑफ द ओहायो स्टेट पार्कला जा. धरण आणि लॉकगेटमुळे आता उसळतं पाणी फारसं दिसत नाही. पण ऑगस्ट ते ऑक्टोबर पाणी ओसरलं की नदीचा तळ उघडा पडतो आणि सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या प्रवाळांचे अवशेष पायांखाली दिसतात. बघा, फोटो काढा, पण उचलून नेऊ नका, बंदी आहे. खडक ओले असले की निसरडे होतात.

एकाच दिवसात हे सगळं बसवायचं तर सकाळी उघडताच वाडा, मग स्प्रिंग स्ट्रीटवर जेवण, दुपारी 'बेल'ची फेरी, असा क्रम ठेवा. जीवाश्मांचे खडक दुसऱ्या दिवशी. अर्धाच दिवस असेल तर वाडा घ्या आणि 'बेल' सोडा. त्यातही वेळ कमी पडला तर जिना आणि एकाच बोटीची प्रतिकृती नीट बघा, बाकीच्या खोल्यांतून नुसतं फिरलात तरी चालेल.